त्रेचाळीस फूट पाणी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरंही सांगतात. पावसाळ्यात हे आकडे दिवसभर मोबाइलवर फिरत असतात. करवीर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात मी तलाठी होतो, तेव्हा हे आकडे घराघरांत पोहोचवणं हे माझंच काम होतं. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी मात्र, पोहोचलेल्या आकड्याचं घरात गेल्यावर काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं.

सूचना साधी होती. पाण्यानं धोका पातळी ओलांडली आहे, अजून वाढणार आहे, खालच्या आळीनं दिवस मावळायच्या आत घरं सोडावीत. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सकाळपासून हेच चाललं होतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले होते. त्यातल्या एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडतं. शिवाय भोगावतीसारख्याच पंचगंगेला पाणी देणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी दुथडी भरून वाहत होत्या. पोलीस पाटील, कोतवाल आणि मी घरं घेत निघालो.

पहिल्याच घरात सून पिशव्या भरून दारात उभी. माहेर सांगलीकडच्या दुष्काळी जत तालुक्यातलं, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. रडवेली होऊन म्हणाली, "भाऊसाहेब, आमचं घर पंधरा फूटबी न्हाई. त्रेचाळीस फूट पाणी आल्यावर कौलं तरी दिसतील का?" तिनं फूट उंबऱ्यापासून धरले होते. बंधाऱ्यावरची मोजपट्टी नदीच्या पात्रातली, तिचं माप गावात उभ्या राहणाऱ्या पाण्याचं नव्हे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या माहेरी पाण्याची काळजी करायची ती विहिरीत किती खाली गेलं याची. दाराशी चढत येणारं पाणी तिला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

भिंतीपलीकडच्या घरात आबा सोप्यात पान जुळवत बसलेले. सत्तरी ओलांडलेला माणूस. "त्रेचाळीस व्हय? त्ये तर बऱ्याच साली व्हतंय. पाच सालचा पूर बघितलाय म्या. माझ्या तिसऱ्या पायरीला टेकून माघारी गेला. त्याच्या म्होरं पाणी येत न्हाई." पाच साल म्हणजे २००५. त्या तिसऱ्या पायरीवर त्यांनी छिन्नीनं खूण करून ठेवली होती, बोटानं दाखवली. आम्ही 'धोका' म्हणत होतो आणि आबांना त्यात नेहमीचा पावसाळा ऐकू येत होता. पोलीस पाटलांनी आवाज चढवला. मला तो आवडला नाही. आबा हट्ट करत नव्हते. उभ्या जन्मात पाण्यानं त्यांना जे दाखवलं होतं, तेच ते आम्हाला सांगत होते.

पुढच्या घरात वेगळाच पेच. घरमालक सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "माणसांचं सांगितलासा. म्हशींचं काय?" दावणीला चार म्हशी, त्यातली एक गाभण. सकाळपासून तो भोंग्यात जनावरांचा शब्द यायची वाट बघत होता. तो आला नाही, म्हणजे ही सूचना ज्याच्या गोठ्यात काही नाही त्याच्यासाठी आहे, असं त्यानं धरलं. वरच्या माळावर जनावरांची सोय आहे, वैरण पोचली आहे, एवढं सांगितल्याबरोबर तो दावी सोडायला उठला. भोंग्यावरही लगेच ती ओळ घालायला लावली.

दुपारी परत आबांकडे गेलो. आकडे सांगायचे नाहीत, असं ठरवूनच गेलो. विचारलं, "आबा, पाच साली पाणी पायरीला कसं चढलं होतं?" त्यांचा चेहराच खुलला. काठी रोवून ठेवली होती म्हणाले, एक वीत चढायला रात्र गेली होती. म्हटलं, आता रोवूया का? गल्लीच्या तोंडाशी पाणी आलेलंच होतं. आबांनी स्वतः काठी रोवली, कोळशानं रेघ मारली आणि छत्री धरून तिथंच उभे राहिले. अर्ध्या तासात रेघ बुडाली. त्यांनी वर दुसरी मारली. तीही बुडाली. बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले, मग वाकून हात घातला, ओढ बघितली. "भाऊसाहेब, ह्ये पाच सालचं पाणी न्हवं," एवढंच म्हणाले आणि घराकडं वळायच्या ऐवजी गल्लीत शिरले. आमच्या भोंग्यानं जी घरं हलली नव्हती, ती आबांच्या हाकेनं हलली. जतच्या त्या पोरीला त्यांनी आपल्या नातवाच्या ट्रॅक्टरवर बसवून पुढं धाडलं.

त्या पुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. आबांच्या घराच्या पायऱ्याच काय, सोपाही दिसेना.

पुढं दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी त्याहूनही वर चढलं. आता गावात पाच सालचं नाव कुणी काढत नाही, सगळे एकोणीस-एकवीस म्हणतात. ३९ फुटांची बातमी आली की तरणी पोरं ट्रॉल्या जोडतात. याचं समाधान आहे, पण घोरही आहे. एखाद्या साली पाणी ४४ वर थांबतं, भरलेला संसार पुन्हा उतरवावा लागतो आणि पुढच्या खेपेला 'मागं तर काय झालं न्हाई' हे वाक्य पुन्हा कानावर पडतं. म्हणून माझी बदली झाली तेव्हा नव्या तलाठ्याच्या हाती आळीवार यादी दिली: बंधाऱ्यावर अमुक फूट झालं की पाणी कुठल्या देवळाच्या चौथऱ्याला, कुठल्या विजेच्या खांबाला लागतं. प्रत्येक आळीत काठी रोवणाऱ्या माणसाचं नावही त्यात लिहिलं. खालच्या आळीपुढं आबांचं नाव आहे.