तुम्ही विचारलंत म्हणून: सायकल आईनेच का आणली?

‘वज्दा’ हा सौदी अरेबियातला सिनेमा संपून दिवे लागले की एक हात वर होतोच. वज्दा नावाच्या पोरीने सायकलसाठी एवढी धडपड केली आणि शेवटी सायकल दिली आईने, मग तिचं स्वातंत्र्य कुठे राहिलं?

हैफा अल-मन्सूर यांचा हा पहिला कथापट, २०१२चा. रियाधमध्ये परक्या पुरुषांबरोबर रस्त्यावर उघड काम करता येईना, म्हणून त्या व्हॅनमध्ये बसून मॉनिटर बघत आणि वॉकीटॉकीवर सूचना देत. अशा बाईने उगाच गोड शेवट केला असेल? पूर्वी मलाही तसंच वाटायचं, कबूल आहे. तेव्हा मी हिशेब बघितला नव्हता.

सायकल ८०० रियालची. वज्दा फुटबॉल संघांच्या रंगांची ब्रेसलेटं विकते, चिठ्ठी पोचवायचे दोन्हीकडून पैसे घेते, तरी बेरीज जुळत नाही. मग कुराणपठणाची स्पर्धा, बक्षीस १००० रियाल. एरवी शाळेत बोलणी खाणारी ही मुलगी कुराण शिकवणारा व्हिडिओ गेम आणून पाठांतर करते, आईकडून पठण घोटून घेते आणि जिंकते. मंचावर मुख्याध्यापिका विचारतात, पैशांचं काय करणार? ‘आईला देईन’ म्हणाली असती तर निभावलं असतं. ती खरं सांगते: सायकल घेणार. मुलीने सायकल चालवावी हेच बाईंना मान्य नाही; त्या भडकतात आणि रक्कम पॅलेस्टाईनमधल्या बांधवांना देणार म्हणून तिथेच जाहीर करून टाकतात. मेहनत तिची, बक्षीस तिचं, पण ते कशावर खर्चायचं हे दुसरंच कुणी ठरवणार. मला विचाराल तर सगळा सिनेमा या एका प्रसंगात आहे. तुम्ही मात्र तो ओलांडून थेट शेवटाबद्दल विचारता.

आईचेही पैसे होते, लाल पोशाखासाठी. मुलगा हवा म्हणून दुसरं लग्न करू बघणाऱ्या नवऱ्याला तो घालून थांबवायचं होतं. तो लग्न करतोच. त्या रात्री कळतं की पोशाखाच्या पैशांची हिरवी सायकल आली आहे. नवरा टिकवण्यासाठी राखलेला पैसा आईने तिकडून काढून घेतला. म्हणून त्याला मी भेट म्हणत नाही. त्या घरात आधी सुटली ती आई.

पण आईजवळ पैसे नसते तर? इथे मी अजून अडते. घरातल्या वंशवृक्षावर फक्त पुरुषांची नावं असतात. वज्दा आपलं नाव कागदावर लिहून पिनेने अडकवते, तर तो कागदही कुणीतरी काढून टाकतं. शेवटी ती सायकलवरून मोठ्या रस्त्याच्या कडेपर्यंत जाते. आईला मात्र नोकरीवर पोचायला परक्या चालकाचीच गाडी लागणार. बायकांना स्वतः गाडी चालवायची मुभा तिथे मिळाली ती जून २०१८मध्ये.