हुशार पोरांचं खातं

शाळेतून ईमेल आला : लेकीची चाचणी घ्यायची आहे, संमती द्या. खाली खात्याचं नाव ‘एक्सेप्शनल स्टुडंट एज्युकेशन’. फ्लोरिडात दिव्यांग मुलांचं शिक्षणही हेच खातं बघतं, त्यामुळे नवऱ्याने आधी शाळेत फोन लावला. कळलं ते असं की हुशार पोरंही कायद्याने याच खात्यात येतात, कारण नेहमीचा वर्ग त्यांनाही पुरत नाही. निवड झाली की त्या मुलापुरता लेखी आराखडा करतात, त्यावर पालकांशी बैठक होते. साताऱ्यात आमच्या वर्गातल्या हुशार पोराला मॉनिटर करायचे आणि बाकीच्यांच्या वह्या तपासायला बसवायचे. संपला आराखडा!

पण मी खरी भारावले ती दुसऱ्याच गोष्टीने. इथल्या ब्रॉवर्ड काउंटीत पूर्वी शिक्षक किंवा आईबाप नाव सुचवतील त्याच मुलाची चाचणी व्हायची. २००५ मध्ये त्यांनी दुसरीतल्या सरसकट सगळ्यांची चाळणी सुरू केली, आणि गरीब घरातली, कृष्णवर्णीय, स्पॅनिश बोलणारी मुलं यादीत भराभर वाढली. पोरं आधीही तिथंच होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे मंदीत पैसे आटले, चाळणी बंद पडली आणि यादी परत पहिल्यासारखी झाली.

हे वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शाळेतली एक मुलगी येते. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली. पाढे, हिशेब सगळं तोंडी, आमच्या आधी. चौथीच्या शिष्यवृत्तीला कोण बसणार ते गुरुजी ठरवायचे. तिचं नाव त्यांनी घेतलं नाही, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, ती गावी गेली.

तरी गुरुजींना नावं ठेवलेली मला चालणार नाहीत. शाळा सुटल्यावर जादा तास, एक पैसा न घेता. आणि इथं तरी कुठं सगळं सरळ आहे? हुशार पोरांच्या यादीत यायला बुद्ध्यांक १३० लागतो. (गरीब किंवा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्याला वेगळा निकष लावता येतो; ब्रॉवर्डने तो ११६ ठेवला होता.) शाळेच्या चाचणीत थोडक्यात हुकलं तर खिशात डॉलर असणारे खासगी मानसशास्त्रज्ञाकडून अहवाल आणतात. आपल्या देशी आयांच्या ग्रुपवर तर सहा वर्षांच्या पोरांचे क्लास कुठले चांगले याचीच चर्चा. आम्ही क्लास लावला नाही. एक सरावपुस्तिका आणली, तेवढीच. प्रश्न कसे असतात ते पोरीला दिसायला नको का? आकृत्यांची मालिका पूर्ण करा, गटात न बसणारी ओळखा, हे तर मी तिच्यापेक्षा फार मोठी नसताना घोकलेलं आहे.

आणि मिळतं काय? लेकीच्या शाळेत आठवड्यातून एक दिवस वेगळा वर्ग. आपल्या नवोदय विद्यालयात सहावीपासून राहणं-जेवणं सरकारचं, निम्म्याहून कितीतरी जास्त, म्हणजे ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांना, आणि हे १९८६ च्या शैक्षणिक धोरणापासून चालू आहे. इथल्या मैत्रिणींना सांगितलं तर खरं वाटत नाही.

अर्थात आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खावलीच्या नवोदयला जागा ८०, आणि बसणारी पोरं अख्ख्या जिल्ह्यातली. भाचा यंदा पाचवीत आहे, त्याचीही तयारी चाललीय. दादाला पुस्तिकेचं बोलले, तर म्हणाला, “अगं, फोटो काढून पाठव की.” इंग्रजीची पानं सोडून आकृत्यांची सगळी पाठवलीत.