अप्पांचा रंधा

रविवार, रात्री साडेदहा

मागच्या खोलीचं दार गेला आठवडाभर चौकटीला घासत होतं. हवेत ओलावा वाढला की लाकूड फुगतं, आणि फुगतं ते रुंदीत. लांबीत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच दार नेमकं कडेलाच अडतं. आज ते उतरवलं, दोन स्टुलांना टेकवून आडवं उभं केलं आणि पेटीतून अप्पांचा रंधा काढला.

अप्पा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्याकडून रंधा बाबांकडे आला, बाबांकडून माझ्याकडे. चौदा इंची, लोखंडी, लाकडी मुठीचा. मुठीवर डाव्या बाजूला एक गुळगुळीत खळगा आहे. पूर्वी मला वाटायचं की तो मुळातच तसा घडवलेला असेल. तसं नाही, तिथे अंगठा बसतो. वर्षानुवर्षं एकाच जागी अंगठा बसून लाकूड झिजलंय. माझा अंगठाही आता आपोआप तिथेच जातो, आणि अंगठा तिथे गेला की कोपर शरीराला लागतं, रंधा सरळ चालतो. धरायचं कसं ते मला अप्पांनी कधी समजावून सांगितल्याचं आठवत नाही. त्या मुठीनंच ते सांगितलं असावं.

दार अर्ध्या तासात झालं असतं, पण पातं बोथट होतं. सकाळचा बराच वेळ दगडावरच गेला, आणि खरं सांगायचं तर दिवसातला सगळ्यात चांगला वेळ तोच होता.

धार लावायची म्हणजे आधी पात्याची पाठ सपाट हवी. नवशिका माणूस उताराच्याच, म्हणजे धारेकडच्या तिरक्या बाजूच्याच मागे लागतो, पण धार ही दोन पृष्ठभागांची भेट असते. एक खडबडीत राहिला तर दुसरा कितीही चकचकीत करा, उपयोग नाही. मग पंचवीस अंशांचा मूळ उतार, आणि त्याच्या टोकाशी तीस अंशांची बारीकशी पट्टी. रोजच्या धारेला तेवढी पट्टीच घासायची असते. घासता घासता पाठीमागच्या बाजूला बोटाला किंचित खरखर लागते. ती कडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागली की समजायचं, घासणं धारेपर्यंत पोचलं. मग पातं उलटं करून दगडावर सपाट धरायचं, दोन-चार हलके हात, की खरखर जाते. शेवटी धार उजेडाकडे धरायची. बोथट धार चमकते, कारण तिच्या गोल झालेल्या कडेवरून उजेड परततो. चांगली धार दिसतच नाही.

हे पातं पहिल्यापेक्षा आखूड आहे, आणि त्यातला थोडा आखूडपणा माझा आहे. मी चौदा वर्षांची होते. दगडावर घासत बसायचा कंटाळा आला म्हणून अप्पांच्या नकळत पातं ग्राइंडरवर धरलं. ठिणग्या उडत होत्या, मजा वाटत होती. कड आधी गवतासारखी पिवळी झाली, मग तपकिरी, मग जांभळी आणि बघता बघता निळी. पात्याचं पाणी उतरलं होतं. साधं कार्बनचं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास गेलं की असं निळं पडतं आणि मऊ होतं. धार लावली तरी टिकत नाही. अप्पा रागावले नाहीत. त्यांनी पातं हातात घेतलं, निळा भाग नखानं मोजल्यासारखा पाहिला आणि म्हणाले, "एवढं काढावं लागेल. हातानं काढ." तीन मिलिमीटर असेल, पण जाड दगडावर हातानं काढायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तेव्हापासून ग्राइंडर लागलाच तर शेजारी पाण्याचं भांडं असतं, आणि बोटाला चटका जाणवायच्या आत पातं पाण्यात जातं.

जुनं म्हणून सगळं जपावं असं मला मुळीच वाटत नाही. अप्पांच्या पेटीतलं विजेचं जुनं ड्रिल, वायरीला भेगा पडलेलं, मी बाबांच्या देखतच काढून टाकलं. डोक्याच्या कडा फुलासारख्या पसरलेली एक छिन्नी होती. अशा छिन्नीवर घाव घातला की तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून त्या कडा आधी घासून काढल्या. भोकं पाडायला मी बॅटरीचं ड्रिलच वापरते, आणि आनंदानं वापरते.

पण टिकलेल्या हत्यारांत मला एक गोष्ट सारखी दिसते: ती उघडता येतात. हातोडीचा दांडा गेला तर नवा घालून पाचर ठोकता येते. जुन्या करवतीचे दात त्रिकोणी कानशीनं पुन्हा पाजता येतात. आजच्या बऱ्याच करवतींचे दात टोकाशी काळपट निळे असतात. ते इतके कडक केलेले असतात की कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. खूप दिवस छान कापतात, हे मान्य. मग मात्र फेकूनच द्याव्या लागतात. रंध्याचंही तसंच. चाकासारखा स्क्रू फिरवून पातं मागे-पुढे करायची सोय लिओनार्ड बेली यांनी १८६० च्या दशकात अमेरिकेत काढली, १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीनं त्यांचे हक्क घेतले, आणि आजही त्याच बांधणीचे रंधे बनतात. माझ्या रंध्याचा एखादा भाग उद्या मोडला तर तो शोधता येईल एवढी खात्री आहे.

दुपारी लेक येऊन उभी राहिली. तिला रंधा नको होता, गुण्या, म्हणजे सुताराचं काटकोनी हत्यार हवं होतं, वहीत काहीतरी आखायला. म्हटलं, आधी तो खरा आहे का ते बघ. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारायची, मग तो पालथा घालून त्याच बिंदूतून पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर फट असेल त्याच्या निम्मी चूक गुण्याची. तिच्या रेघा वरच्या टोकाला केसभर फाकल्या. ती खूश झाली, अप्पांच्या वस्तूत चूक सापडली म्हणून! मग मला म्हणाली, "आता हे दुरुस्त कसं करायचं?"

ते मला कुणी शिकवलेलं नाही. कानशीनं गुण्याचं पातं हळूहळू घासून, दर वेळी पालथं घालून बघत, जमेल असं वाटतं. पुढच्या रविवारी दोघी बसणार आहोत.

दार आता बोटानं ढकललं तरी मिटतं. कडेवरून निघालेली शेवटची ढलपी दाराइतकी लांब, सलग आली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. लेकीनं ती गुंडाळून वहीत ठेवली. रंध्याचं पातं पुसून तेलाचा हात फिरवला, पेटीत ठेवण्याआधी पात्यातल्या खाचेपर्यंत पोलाद किती उरलंय ते पाहिलं. अजून बोटभर आहे.