युगांडाचा पक्षीदौरा आखताना: शूबिलच्या दलदलीपासून बविंडीच्या डोंगरापर्यंत

आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक पूर्व आफ्रिकेचा बेत आखायला बसले, की पहिला मोह होतो तो केनिया, टांझानिया आणि युगांडा एकाच दौऱ्यात उरकण्याचा. तिकिटाला एवढे पैसे घातलेच आहेत, तर सगळंच पाहून घेऊ! पण पाणथळ आणि जंगल असं दोन्ही हवं असेल, तर एकटा युगांडा पुरून उरतो. क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा लहान असलेल्या या देशात पक्ष्यांच्या हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. व्हिक्टोरिया सरोवराकाठची पपायरसची, म्हणजे उंच पाणगवताची दलदल, बाभळींचं माळरान आणि दोन हजार मीटरवरचं डोंगरजंगल हे सगळं एकाच रस्त्याच्या फेरीत बसतं.

हा दौरा किती दिवसांचा, यापेक्षा त्यात किती सकाळी हाताशी येतात हे मोजायचं. युगांडा विषुववृत्तावर असल्याने वर्षभर सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो. जंगलातला कलकलाट दहापर्यंत टिकतो, मग थेट चारनंतर. टूर कंपन्यांच्या बहुतेक कार्यक्रमांत सकाळी नाश्ता करून आठला निघायचं आणि दुपारी पुढच्या मुक्कामी पोचायचं असं असतं. म्हणजे रोजची सकाळ गाडीत जाते. असा दहा दिवसांचा दौरा पक्षी पाहणाऱ्याच्या हिशेबाने चार दिवसांचाच ठरतो.

तेरा रात्री असतील तर वाटणी अशी करावी: एंटेबेला एक, लेक म्बुरो उद्यानाला दोन, बविंडीच्या डोंगरजंगलातल्या रुहिजाला तीन आणि बुहोमाला दोन, क्वीन एलिझाबेथ उद्यानाला दोन, किबालेच्या जंगलाला दोन आणि शेवटची पुन्हा एंटेबेला. फेरी उलट दिशेनेही होते, पण दलदल आधी आणि डोंगर मध्यावर हा क्रम पायांना मानवतो. प्रवासाच्या थकव्यात रुहिजाचा चढ नको.

आधी ऋतूचं बोलू, कारण इथेच आपली पंचाईत होते. युगांडात मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर असे पावसाचे दोन हंगाम. आपली मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी नेमकी यांत सापडते. पावसात पक्षी दिसत नाहीत असं मुळीच नाही. पण बविंडीचे लाल मातीचे रस्ते निसरडे होतात, तीन तासांच्या वाटेला सहा तास लागतात आणि जंगलातला उजेड आणखी कमी होतो. जून-जुलै किंवा जानेवारी-फेब्रुवारी जमवता आलं तर उत्तम. किबालेचा हिरव्या छातीचा पिट्टा हा पक्षी मनात असेल तर जून-जुलै. उत्तरेतून हिवाळ्याला येणारे पाहुणे पक्षीही हवे असतील तर जानेवारी.

एंटेबेला दुपारी उतरलात तर संध्याकाळ १८९८ साली सुरू झालेल्या वनस्पती उद्यानात घालवा. जुन्या झाडांवर काळे-पांढरे धनेश आणि टुराको सहज दिसतात, डोळे नव्या पक्ष्यांना सरावतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे माबांबा. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची ही दलदल २००६ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ आहे आणि इथे येणारा प्रत्येक जण शूबिल या बुटासारख्या चोचीच्या मोठ्या पक्ष्यासाठी येतो. पोचायचे दोन मार्ग आहेत. एंटेबेच्या नाकिवोगो धक्क्यावरून बोटीने थेट जाता येतं, किंवा दीड तास गाडीने दलदलीच्या काठापर्यंत. या खेपेला गाडीच घ्यावी, कारण सामान सोबत राहतं आणि दलदल आटोपली की एंटेबेला न परतता तसंच मसाका रस्त्याला लागून म्बुरो गाठता येतं. साडेपाचला निघून सातच्या सुमारास होडीत बसलेलं असावं.

होडी लाकडी आणि अरुंद असते. तिघे-चौघे बसले की भरली. पपायरसच्या भिंतींमधून जेमतेम होडीच्या रुंदीची वाट जाते. तरंगती झुडपं वाऱ्याने सरकून ती बंद झाली, तर नावाडी खाली उतरून ढकलत नेतो. ट्रायपॉड आणि स्कोप न्यायचे कष्ट घेऊ नयेत, हलत्या होडीत त्यांचा काहीच उपयोग नाही. ८×४२ ची दुर्बीण आणि हातात धरता येईल अशी लेन्स पुरे.

शूबिल इथे का उभा असतो हे कळलं की शोध सोपा होतो. त्याचं मुख्य भक्ष्य लंगफिश. हा मासा हवा घ्यायला पाण्याच्या पृष्ठभागावर येतो, आणि प्राणवायू कमी असलेल्या साचल्या पाण्यात तर त्याला वारंवार यावं लागतं. म्हणून शूबिल वाहत्या पाण्यात न राहता गवताने वेढलेल्या अशा डबक्यांच्या कडेला उभा राहतो. सव्वा मीटर उंचीचा, राखाडी, चोच खाली झुकवलेला, कितीतरी वेळ निश्चल. मग अख्खं अंग पुढे झोकून देतो आणि वर येतो तेव्हा चोचीत गवताच्या गुंत्यासकट मासा असतो. तो गवत बाजूला टाकून देतो, मासा तेवढा ठेवतो. हे पाहायचं तर होडी लांबच थांबवून बसून राहावं लागतं. अडचण अशी, की एका होडीला पक्षी दिसला की बाकीच्या तिथेच गोळा होतात, फोटोसाठी पुढे पुढे सरकतात आणि पक्षी उडून आत जातो. नावाड्याला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, की जवळ नेलं नाही तरी चालेल. पूर्वी इथले कोळी शूबिल दिसणं अपशकुन मानत आणि त्याला मारतही असत. आता त्यांच्यातलेच कित्येक जण नावाडी आणि गाईड आहेत, त्यामुळे तुमचं वागणं त्यांच्या रोजीवरही परिणाम करतं.

लेक म्बुरोला जाण्याचं मोठं कारण म्हणजे आफ्रिकन फिनफूट. तो पाण्यावर झुकलेल्या फांद्यांच्या सावलीत काठाकाठाने पोहतो, मध्ये सहसा येत नाही. म्हणून सकाळची पहिली बोट धरा आणि इंजिन कमी करून काठाजवळून न्यायला सांगा. त्याच फांद्यांत पांढऱ्या पाठीचा रातबगळा दडलेला असू शकतो. या उद्यानात रेंजर सोबत घेऊन पायी फिरता येतं, ही मोठी सोय आहे. बाभळीच्या रानात लाल तोंडाचा बार्बेट याच फेरीत शोधावा.

आता बविंडी. ३२१ चौरस किलोमीटरचं हे जंगल १९९४ पासून जागतिक वारसा आहे आणि अल्बर्टाइन रिफ्ट या खचदरीच्या पट्ट्याखेरीज कुठेच न आढळणाऱ्या वीसहून अधिक पक्ष्यांचं घर आहे. बहुतेक कार्यक्रमांत बविंडीला दोन रात्री देतात आणि त्याही एकाच ठिकाणी, हे पटण्यासारखं नाही. बुहोमा साधारण दीड हजार मीटरवर, तर रुहिजा तेवीसशेच्या आसपास. उंची बदलली की पक्षीही बदलतात. एकाला गाळून दुसरं करणं म्हणजे अर्धं जंगल सोडून देणं.

रुहिजाच्या तीन रात्रींतली एक सकाळ पूर्णपणे मुबविंडी दलदलीच्या पायवाटेला द्यायची. इथला मानकरी म्हणजे ग्राउअरचा ब्रॉडबिल: मुठीत मावेल एवढा, हिरवा, गळ्यावर फिकट निळी झाक. पानांच्या गर्दीत तो हलला तरच दिसतो. घरटं चालू असेल तर काम सोपं असतं, म्हणून आदल्या संध्याकाळी गाईडला विचारून ठेवा. वाट आधी तीव्र उताराची आहे. सगळे हौसेने खाली जातात आणि दुपारच्या उन्हात तोच उतार चढताना गुडघे बोलू लागतात. माणशी दोन लिटर पाणी, डबा, एक काठी आणि दिवसभराची तयारी हवी. या जंगलात हत्ती असल्याने सशस्त्र रेंजर सोबत येतो, त्याच्या पुढे जायचं नाही. सामान वाहायला गावातला हमाल मिळतो. तुम्हाला गरज नसली तरी घ्यावा, पैसा थेट गावात राहतो.

पायाखाली सफारी मुंग्यांकडे लक्ष असू द्या. वर बघत दुर्बीण लावून थांबलात आणि नेमकी मुंग्यांच्या रांगेवरच पावलं पडली, तर पहिला चावा जाणवेपर्यंत त्या गुडघ्यापर्यंत चढलेल्या असतात. पँट मोज्यात खोचणं हाच उपाय. रुहिजाला रात्री चांगलीच थंडी पडते. आफ्रिका म्हणून फक्त सुती कपडे नेलेत तर पहाटे कुडकुडाल.

रुहिजाहून बुहोमाला जाताना मध्ये ‘द नेक’ नावाचा जंगलाचा चिंचोळा पट्टा लागतो. हा प्रवास अर्ध्या दिवसाचा धरा, जेवणाचा डबा गाडीत ठेवा आणि रस्त्यावर उतरून चालत पक्षी पाहा. बुहोमात मुख्य पायवाटेवर मिश्र थव्यांची वाट पाहायची. थवा आला की दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीने जाती ओळखा, नाहीतर एका पक्ष्याचा धूसर फोटो हाती लागतो आणि बाकीचे वीस निसटतात. उजेड इतका कमी, की कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ते ६४०० ही नेहमीचीच गोष्ट.

बविंडीत आलात की गोरिलांचं काय, हा प्रश्न येतोच. परवाना ८०० डॉलरचा, वय किमान १५ हवं, आणि सर्दी-खोकला असेल तर सोडत नाहीत. कळप कुठे आहे यावर वेळ अवलंबून, म्हणजे एक अख्खी सकाळ आणि बहुधा दुपारही गेली. जरूर पाहा, पण त्यासाठी एक रात्र वाढवा. ब्रॉडबिलच्या सकाळीवर हात घालू नका.

क्वीन एलिझाबेथला त्याच्या दक्षिणेकडच्या इशाशा भागातून वर, उत्तरेकडे जा. काझिंगा कालवा जॉर्ज आणि एडवर्ड सरोवरांना जोडतो, लांबी ३२ किलोमीटर. बोट साधारण दोन तासांची. काठावर कवड्या खंड्या, पाणकावळे, पेलिकन यांची रीघ असते. ही फेरी दुपारची चालते, म्हणून सकाळ माळरानासाठी मोकळी ठेवा. उद्यानाचं प्रवेशशुल्क २४ तासांचं असतं, तेव्हा फाटकातून शिरण्याची वेळ जुळवली तर एक शुल्क वाचतं. इथे त्सेत्से माश्या आहेत. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्या ओढल्या जातात, म्हणून खाकी किंवा फिकट मातकट कपडे.

किबालेत हिरव्या छातीचा पिट्टा, म्हणजे आपल्या नवरंगाचा भाऊबंद. सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर नवरंग जसा पहाटे ओरडून आपली जागा सांगतो, तसाच हाही. पहाट फुटण्याआधी विजेऱ्या घेऊन रेंजरबरोबर आत शिरायचं, आवाजाच्या दिशेने सरकायचं आणि थांबायचं. फांदीवरून तो पंख फडकावत छोटी उडी मारतो. उजाडल्यावर थोड्याच वेळात गप्प होऊन जमिनीवर उतरतो, आणि पालापाचोळ्यात सापडणं नशिबाचा भाग. पहिल्या दिवशी हुकला तर दुसरी पहाट हाताशी हवी, म्हणून इथे दोन रात्री. दुपारी जवळच्या बिगोडी पाणथळीत जा. गावकऱ्यांच्या ‘काफ्रेड’ संस्थेने १९९२ पासून ती सांभाळली आहे. गमबूट भाड्याने मिळतात. ग्रेट ब्लू टुराको इथे जवळून दिसतो, आणि ठिपकेदार फ्लफटेल बहुधा नुसता ऐकू येतो.

शेवटची सकाळ राखीव. पहिल्या खेपेला शूबिल हुकला असेल तर नाकिवोगोहून बोट घ्यायची, मिळाला असेल तर आराम. परतीचं विमान त्यासाठी दुपारनंतरचं काढा.

कागदपत्रांत सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. सरकारमान्य केंद्रातच मिळते, वेळ आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं. युगांडात शिरताना ते मागतात आणि भारतात परतताना नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पासपोर्ट नवा झाला असेल तर प्रमाणपत्रावरचा क्रमांक जुळतो का ते पाहा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाची गोळीही त्यांनाच विचारून, आणि डॉक्सिसायक्लिन दिलं तर ऊन लवकर भाजतं हे लक्षात ठेवा. व्हिसा ऑनलाइन मिळतो. केनिया किंवा रवांडा जोडणार असाल तर १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा घ्या, तो ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडूनच काढायचा असतो. नैरोबीत उतरणार असाल तर सामानात प्लास्टिकच्या कॅरीबॅग नकोत, केनियात २०१७ पासून बंदी आहे.

कॅमोफ्लाज कपडे घरीच ठेवा. आपल्याकडे पक्षीनिरीक्षकाचा तो जणू गणवेशच, पण युगांडात सैनिकी छापाचे कपडे नागरिकांनी घालणं बेकायदा आहे. टोपी आणि लेन्सवरचं कव्हरही साधं घ्या. प्लग ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा, त्यामुळे ॲडॅप्टर दोन न्या. गाडीत लेन्स टेकवायची बीनबॅग रिकामी न्यावी, तिथे तांदूळ किंवा राजमा भरून घ्यावी. डॉलर नेताना जुन्या नोटा नकोत, २००९ च्या आधी छापलेल्या कुणी घेत नाही आणि लहान नोटांना दर कमी मिळतो.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ सांगून भागत नाही. मांस, कोंबडी, मासे, यांपैकी काहीच नको असं नाव घेऊन सांगा. चपाती सगळीकडे मिळते. घेवड्याची उसळ, माटोके म्हणजे वाफवून कुस्करलेली हिरवी केळी, आणि शेंगदाण्याचा रस्सा यांवर पोट छान भरतं. डब्याचं मात्र आदल्या रात्रीच सांगायचं, पहाटे पाचला स्वयंपाकघर उघडलेलं नसतं.

गाडी ठरवताना जागा किती हे न विचारता, माणसं किती बसवणार हे विचारा. वर उघडणाऱ्या छताच्या फोर-व्हील गाडीत चौघांपेक्षा जास्त नको. ड्रायव्हर हाच पक्ष्यांचा गाईड आहे का, हेही लेखी विचारा. वन्यप्राणी दाखवणारा उत्तम ड्रायव्हर पक्ष्यांचे आवाज ओळखेलच असं नाही. युगांडा बर्ड गाईड्स क्लबच्या सदस्यांपैकी कुणी मिळाला तर दौऱ्याचा दर्जाच बदलतो. त्याला महिनाभर आधी तुमची यादी पाठवा. हवे असलेले सगळे तीनशे पक्षी पाठवू नका. कुठल्याही परिस्थितीत पाहायचे असे दहाच कळवा, म्हणजे तो त्याप्रमाणे पहाटेची आखणी करेल आणि स्थानिक वाटाड्यांना आधीच निरोप देऊन ठेवेल.