झिजण्यासाठीच बसवलेला रॉड

अमेरिकेतल्या आमच्या आरव्हीच्या, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराच्या, प्रवासाचे फोटो पाठवले की घरून येणारे प्रश्न ठरलेले असतात. झोपायला जागा पुरते का, स्वयंपाक कसा करता, संडासाची टाकी कुठे रिकामी करता? गरम पाण्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. नळ फिरवला की ते येतं, त्यात काय विचारायचं! म्हणून आज तेवढ्यावरच लिहिते. त्यातही टाकीच्या आत बसवलेल्या एका दांड्यावर.

आमचा आरव्ही म्हणजे पिकअपमागे ओढायचा मध्यम आकाराचा ट्रेलर. त्याच्या बाहेरच्या भिंतीला पत्र्याचं एक छोटं दार आहे. ते उघडलं की गॅसचा बर्नर, काही नळ्या, वरच्या अंगाला पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह आणि खालच्या अंगाला एक मोठं षट्कोनी डोकं दिसतं. पाना लावून ते डोकं फिरवलं की वीतभर लांबीचा, बोटाएवढा जाड धातूचा दांडा बाहेर येतो. हा ॲनोड रॉड. टाकीचं बूचही तोच, म्हणजे तो काढला की टाकी रिकामी होते.

टाकी सहा गॅलनची, साधारण पावणेतेवीस लिटरची. ती स्टीलची आहे आणि आतून तिला काचेसारखा एनॅमलचा मुलामा दिलेला आहे. हा मुलामा कधीच अखंड नसतो. वेल्डिंगच्या सांध्यापाशी, आट्यांपाशी, रस्त्यावरच्या धक्क्यांनी पडलेल्या केसाएवढ्या भेगांपाशी पाणी थेट लोखंडाला भिडतं. गरम पाण्यात गंज आणखी वेगाने चढतो. मॅग्नेशियमचा रॉड असतो तो यासाठी. इलेक्ट्रॉन सोडून द्यायला मॅग्नेशियम लोखंडापेक्षा कितीतरी उतावीळ. हा उतावीळपणा मोजणाऱ्या आकड्याला प्रमाण विभव म्हणतात, तो जितका जास्त उणे तितका उतावीळपणा जास्त. तक्त्यात पाहिलं तर लोखंडाचं प्रमाण विभव उणे ०.४४ व्होल्ट आणि मॅग्नेशियमचं उणे २.३७. दोन्ही धातू एकमेकांना टेकलेले आणि एकाच पाण्यात बुडालेले असले की झीज मॅग्नेशियमच्या वाट्याला येते आणि लोखंड वाचतं. हीटर बंद असला तरी हे चालूच राहतं, कारण त्याला वीज किंवा गॅस लागत नाही. पाणी आत असलं की झालं.

तुमच्या न्हाणीघरातल्या स्टोरेज गिझरमध्येही बहुधा असाच रॉड आहे. सर्व्हिसिंगला येणारा माणूस तो काढून दाखवतो का, एकदा विचारून बघा. इथे तो माणूस बोलावला तर नुसत्या येण्याचेच पैसे लावतो, शिवाय तासाचा दर वेगळा. वीसेक डॉलरच्या रॉडसाठी शंभराहून जास्त डॉलर मोजण्यापेक्षा आपण हात काळे केलेले बरे, असा इथल्या बहुतेक आरव्हीवाल्यांचा हिशोब असतो. आमच्या घरात टायर आणि ब्रेक हे नवऱ्याचं खातं, पाणी आणि गॅस माझं.

पहिल्यांदा वापरलेला रॉड बघणारा माणूस हमखास दचकतो. आत गेलेला दांडा गुळगुळीत असतो, बाहेर येतो तो अर्धं खाल्लेल्या कणसासारखा: खड्डे पडलेला, कुठे फुगलेला, पांढऱ्या भुकटीने माखलेला, मधेमधे आतली बारीक पोलादी तार उघडी पडलेली. हीटर बिघडला असं वाटून लोक घाबरतात. पण मला विचाराल तर झिजलेला रॉड ही चांगली बातमी आहे. त्याने आपलं काम केलं. काळजी करायची ती वर्षभराने नव्यासारखाच बाहेर आलेल्या रॉडची. त्यामागे दोन-तीन कारणं असू शकतात. एक तर हीटर फारसा पाण्याने भरलेलाच नव्हता. किंवा पाणी फार मऊ, क्षार जवळपास नसलेलं होतं. ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला बुल रनच्या डोंगरातलं पाणी येतं, ते असं असतं. किंवा मग रॉडचा आणि टाकीचा धातूशी धातू नीट टेकतच नव्हता. या तिसऱ्या कारणात टाकी आतून गंजत असते आणि रॉड मात्र साळसूदपणे चकचकीत राहतो.

कंपनीचं सांगणं असं की तीन चतुर्थांश झिजला की बदला. मी इतकं मोजत बसत नाही. तार जागोजागी दिसायला लागली की नवा घालायचा. वर्षातून एकदा बघायचं हे किमान. ॲरिझोनासारख्या ठिकाणी, जिथे पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाला आठवड्यात पांढरे खवले धरतात, तिथे पूर्ण हिवाळा काढला असेल तर मधेच एकदा डोकावलेलं चांगलं. तिथल्याच क्वार्ट्झसाइट गावाच्या वाळवंटात दर हिवाळ्यात थंड राज्यांमधून हजारो आरव्ही येऊन उतरतात. त्यातले कितीतरी लोक निवृत्त असतात आणि रॉड बघून ‘अजून चालेल’ की ‘टाकून दे’ हे सांगायला त्यांना फार आवडतं. मत फुकट मिळतं, आणि बऱ्याचदा बरोबरही असतं.

पाना विकत घ्यायच्या आधी मात्र आपल्या हीटरवरचं नाव वाचा. सबर्बन कंपनीच्या टाक्या स्टीलच्या, त्यांना रॉड लागतोच. ॲटवूडच्या, म्हणजे आता डोमेटिकच्या, टाक्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्यांना रॉड नसतो, नायलॉनचं साधं बूच असतं. ते मुद्दाम प्लॅस्टिकचं असतं, म्हणजे जोर जास्त झाला तर बुचाचे आटे जातात, टाकीचे नाही. ‘संरक्षण जास्त झालं तर बिघडलं कुठे’ म्हणून तिथे धातूचा रॉड पिळून घालणारे महाभाग भेटतात. मऊ ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की नवी टाकी, दुसरा इलाज नाही. टाकी नसलेल्या तात्काळ हीटरना हा सगळा विषयच लागू नाही.

आता प्रत्यक्ष काम. ते अर्ध्या तासाचं आहे, पण क्रम चुकवायचा नाही.

सगळ्यात आधी वीज. गॅसबरोबर विजेवरही चालणाऱ्या हीटरमध्ये १४४० वॉटची कॉइल असते. ती पाण्यात बुडालेली असेल तरच जगते. रिकाम्या टाकीत बटण चालू राहिलं तर काही क्षणांत जळते. घोळ असा की तिची बटणं बऱ्याचदा दोन असतात: एक आत भिंतीवर आणि एक बाहेर, हीटरच्याच कोपऱ्यात, काळं, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. दोन्ही बंद करायची. मी तर त्या सर्किटचा ब्रेकरही पाडून ठेवते. मग गॅस बंद, पाण्याचा पंप बंद, कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडलेला पाइप काढलेला.

त्यानंतर थांबायचं. पाणी रात्रभर निवू दिलं तर उत्तम. भरलेली, तापलेली टाकी दाबाखाली असते, आणि अशा वेळी रॉड सोडवला तर तो शेवटच्या आट्यावरून निसटून कढत पाण्यासकट अंगावर येऊ शकतो. म्हणून आतला गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवायचा, आणि मगच रॉडला हात लावायचा. तेव्हाही समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

रॉडच्या डोक्याला एक पूर्णांक एक सोळांश इंचाचा सॉकेट लागतो. मिलिमीटरमध्ये तो २७ च्या जवळ बसतो, त्यामुळे मेट्रिक पाने असतील तरी चालून जातं. लांब दांड्याचा पाना घ्या. घट्ट बसला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पान्याला हातोड्याने ठोकण्याचा मोह आवरा, मुलामा आतून तडकतो.

रॉड निघाला की पाणी आधी रडतखडत येतं. वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला की आत हवा शिरते आणि मग धार सुटते. पाणी पिण्याच्याच टाकीतलं असलं तरी काही कॅम्पग्राउंडवाल्यांना ते जमिनीवर सोडलेलं आवडत नाही, तेव्हा आधी विचारलेलं बरं. बुचाचं भोक तळाच्या थोडं वर असल्यामुळे सगळं पाणी आणि त्यातला गाळ आपोआप बाहेर येत नाही. त्यासाठी एक बारीक वाकडी नळी मिळते. ती बागेच्या पाइपला लावून आत घालायची आणि चारी बाजूंनी फवारा मारायचा. पांढरे खवले, वाळूसारखी रेती, रॉडचेच तुटलेले तुकडे असं काय काय बाहेर पडतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवायचं. मला या कामातला हाच भाग सगळ्यात आवडतो, कारण परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो.

नव्या रॉडच्या आट्यांना टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्यायचे, आटे ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने. टेपमुळे रॉड आणि टाकीचा संबंध तुटेल अशी शंका येते. सहसा तसं होत नाही, कारण घट्ट करताना आटे टेपला कापून एकमेकांना टेकतात. खात्री हवी असेल तर मल्टिमीटरचं एक टोक रॉडच्या डोक्याला आणि दुसरं टाकीच्या उघड्या धातूला लावून दोघांचा संबंध जुळलाय का ते बघा. न झिजलेल्या रॉडचं कोडं याच तपासणीत सुटतं. टेपचे दहा वेढे देणारे लोक मात्र खरोखरच स्वतःचा रॉड निकामी करतात. सुरुवातीचे आटे हाताने बसवायचे, पाना नंतर. एक आटा तिरका गेला तर स्टीलचीही टाकी वाया जाते.

मग सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करून पाणी सुरू करायचं आणि आतला गरम नळ उघडा ठेवायचा. तो आधी खोकतो, हवा सोडतो आणि मग सलग धार देतो. ती सलग झाली म्हणजे टाकी भरली. त्यानंतरच गॅस किंवा वीज. दुसऱ्या दिवशी एकदा दार उघडून रॉडच्या डोक्याभोवती बघा. पांढरी रेघ उठली असेल तर थेंब-थेंब गळतंय, आणखी थोडं पिळायचं. तापताना वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकायला लागला तर लगेच तो बदलायला धावू नका. टाकीच्या वरच्या भागात हवेचा थोडा थर असावा लागतो, तापलेलं पाणी फुगून त्यात सामावतं. तो थर नाहीसा झाला की व्हॉल्व्ह ठिबकतो. पाणी थंड असताना, पंप बंद ठेवून, नळ उघडून आणि व्हॉल्व्ह उचलून थोडं पाणी काढलं की थर परत तयार होतो.

एक धातू बळी देऊन दुसरा वाचवायचा हा उद्योग जुना आहे. १८२४ मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचे तांब्याचे पत्रे वाचवायला त्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबं वाचलं. पण समुद्रात हळूहळू विरघळणारं तांबंच शेवाळ आणि शिंपल्यांना दूर ठेवत होतं. ते विरघळायचं थांबल्यावर जहाजांच्या तळाला शिंपले चिकटले आणि जहाजं मंदावली. नौदलाने तो प्रयोग गुंडाळला.

आमच्या रॉडचेही असे दोन त्रास आहेत. पहिला वासाचा. काही ठिकाणच्या पाण्यात, विशेषतः फ्लोरिडाकडच्या विहिरींच्या, सल्फेट आणि त्यावर जगणारे जिवाणू असतात. मॅग्नेशियम झिजताना जो हायड्रोजन सुटतो तो त्यांच्या पथ्यावर पडतो, आणि गरम पाण्याला सडलेल्या अंड्याचा वास येतो. ओळखायची खूण सोपी आहे. वास फक्त गरम नळाला असेल तर दोष हीटरमध्ये, थंड नळालाही असेल तर दोष मूळ पाण्यात. उपाय म्हणून १५ गॅलन पाण्याला पाव कप या हिशोबाने बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून, ते हीटरमध्ये येईपर्यंत नळ चालवून, काही तास मुरू द्यायचं आणि नंतर भरपूर पाण्याने धुवून काढायचं. खवले काढायला व्हिनेगर वापरणार असाल तर ते वेगळ्या दिवशी. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. एवढं करूनही वास परत आला तर ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रणाचा रॉड मिळतो, तो घालायचा. रॉडच काढून तिथे साधं बूच लावायचा सल्लाही ऐकायला मिळेल. वास जाईल, पण काही काळाने टाकीही जाईल.

दुसरा त्रास त्याच हायड्रोजनचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाणी भरलेला हीटर दोन आठवडे किंवा जास्त काळ न वापरता उभा राहिला तर हा वायू गरम पाण्याच्या नळ्यांमध्ये साठू शकतो. तो पेट घेतो. म्हणून लांबच्या मुक्कामानंतर ट्रेलर पुन्हा उघडला की आधी खिडक्या उघडायच्या आणि ओट्याजवळचा गरम नळ काही मिनिटं सोडून ठेवायचा. हवा सुटल्यासारखा फसफस आवाज आला तर तो थांबेपर्यंत शेगडी पेटवायची नाही, सिगारेट नाही, विजेचं कुठलं बटण नाही. हिवाळ्यात ट्रेलर उभाच ठेवायचा असेल तर मुळात टाकी रिकामी करावी. म्हणजे पाणी गोठून टाकी फुटण्याची भीतीही राहत नाही. गोठू नये म्हणून घालायचं गुलाबी द्रव, म्हणजे अँटीफ्रीझ, नळ्यांसाठी असतं, ते हीटरमध्ये भरायचं नाही, बायपासचे व्हॉल्व्ह फिरवून ते हीटरच्या बाजूने न्यायचं. रॉड त्या काळात बाहेर काढून पुसून ठेवते, आणि भोकावर बारीक जाळी लावते, कारण रिकाम्या टाकीत किडे घर करतात. बर्नरच्या नळीत कोळी शिरतात ते वेगळंच. गॅसला मुद्दाम घातलेल्या वासाकडे ते ओढले जातात असं म्हणतात. कारण काहीही असो, वसंतात ज्योत निळी न येता पिवळी आली तर आधी त्या नळीतलं जाळं बघायचं.