दुभाषाची दुरुस्ती

गेल्या आठवड्यात चर्चासत्राच्या अहवालाचा मसुदा ईमेलने आला. एकशे बारा पानं. सोबत आयोजकांची ओळ: ‘पान ६४ ते ७१ तुम्ही एकदा नजरेखालून घाला, तुमच्याशी संबंधित आहे.’ पान ६४ वर दिल्लीहून आलेल्या प्राध्यापक बाईंच्या नावाने, अवतरणचिन्हांत, एक वाक्य आहे: ‘सत्य सापडत नसतं, ते बनवलं जातं.’

हे वाक्य बाई बोललेल्या नाहीत. मी बोलले.

मी दुभाषी आहे. भाषांतरकाराच्या हाताशी रात्र असते, शब्दकोश असतो, फोनवर विचारायला कुणीतरी असतं. आमच्या हातात तीन-चार सेकंद. सभागृहाच्या मागच्या बाजूला काचेची केबिन, आत दोघं. वीस-पंचवीस मिनिटांनी पाळी बदलायची, कारण त्यानंतर आपण चुकतोय हे आपल्यालाच कळेनासं होतं. एक बोलत असतो तेव्हा दुसरा वहीवर आकडे आणि नावं लिहून समोर सरकवतो. कानातून तोंडाकडे जाताना सगळ्यात आधी आकडा सांडतो. त्यातून मराठी आकडे, म्हणजे एकोणीस, एकोणतीस, एकोणसाठ, हे तर हमखास पाय घसरवणारे. हेडफोन एका कानावरून अर्धा सरकवलेला, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकू येतो. आणि मराठीतून इंग्रजीत जाताना जीव मुठीत, कारण आपल्याकडे होकार-नकार वाक्याच्या शेपटीला. ‘विज्ञान हे निव्वळ सत्तेचं हत्यार आहे असं मानणाऱ्यांपैकी मी…’ इथे वक्त्याने पाण्याचा घोट घेतला की केबिनमध्ये आम्ही दोघं त्याच्या घशाकडे बघत बसतो. ‘आहे’ की ‘नाही’?

पुण्यातलं दोन दिवसांचं सत्र होतं. विषय: सत्य, विज्ञान आणि डावी चळवळ. मानधनाचं बोलणं निघालं तेव्हा ‘चळवळीचं काम आहे, समजून घ्या’ हे वाक्य आलंच. श्रममूल्यावर तीन-तीन तास बोलणारी माणसं माझ्या श्रमाचं मूल्य ठरवताना भाजीवालीशी बोलल्यासारखी घासाघीस करतात, हा माझा कित्येक वर्षांचा अनुभव. निबंध आधी पाठवा म्हणून चार मेल केले, एकाही मेलला उत्तर नाही. मग आपणच तयारी करायची. मी दीडशे शब्दांची यादी केली होती. तिच्यात ‘कन्स्ट्रक्टेड’ पुढे लिहिलं होतं: ‘घडवलेलं. रचलेलं टाळ.’ कारण मराठीत रचतात ते कट, कुभांड आणि सरण. ‘बनवलेलं’ हा शब्द तर यादीत घ्यायचाही विचार केला नव्हता. बनाव, बनावट, ‘तुला बनवलं’, सगळा गोतावळाच संशयित.

सत्राचे दोन मुख्य वक्ते. एक निवृत्त भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, जुने मार्क्सवादी. त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. दुसऱ्या दिल्लीच्या बाई, विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक. एकाच निषेधपत्रकावर दोघांच्या सह्या सापडतील. मतं द्यायची वेळ आली तर एकाच बाजूला देतील. पण ‘वस्तुनिष्ठ सत्य’ हे दोन शब्द उच्चारले की दोघांची मानेची शीर ताठ.

सर मराठीत बोलले आणि छान बोलले. सुरुवात २१ सप्टेंबर १९९५ पासून, गणपती दूध प्यायला त्या दिवसापासून. दिल्लीच्या देवळात शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने कसं ओघळतं ते दाखवलं होतं. सरांचं म्हणणं, त्या रंगाला कुणाची जात, कुणाचा वर्ग, कुणाचा दृष्टिकोन माहीत नव्हता. मग २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिष शिकवायला दिलेली वाट. मग १९८१ चं वैज्ञानिक दृष्टिकोनाचं निवेदन, म्हणजे शास्त्रज्ञ-विचारवंतांनी अंधश्रद्धेविरुद्ध काढलेलं पत्रक, आणि त्याला आशिष नंदी या समाजचिंतकांनी विज्ञानाच्याच सत्तेवर बोट ठेवत दिलेलं उत्तर. हे उत्तर सर अजून विसरलेले नाहीत आणि त्यांनी माफही केलेलं नाही. आणि शेवटी अर्थातच ॲलन सॉकल. १९९६ मध्ये ‘सोशल टेक्स्ट’ या अमेरिकेतल्या डाव्या नियतकालिकात या भौतिकशास्त्रज्ञाने पुंजगुरुत्वावर एक जाणूनबुजून अर्थहीन, पण फॅशनेबल शब्दांनी सजवलेला लेख छापून आणला आणि लगोलग दुसरीकडे आपणच त्याचं बिंग फोडलं. सॉकल स्वतः डावा, निकाराग्वात सँडिनिस्टांच्या, म्हणजे तिथल्या डाव्या क्रांतिकारकांच्या, राजवटीत गणित शिकवून आलेला, हे सर दोनदा म्हणाले. भौतिकशास्त्राचे नियम निव्वळ सामाजिक संकेत वाटत असतील तर माझ्या खिडकीतून ते मोडून दाखवा, मी एकविसाव्या मजल्यावर राहतो, हा त्याचा टोला सरांनी सांगितला तेव्हा मी इंग्रजीत ‘एकविसाव्या’पर्यंत पोचायच्या आतच बाई हसल्या. मराठी त्यांना येत नाही. पण हा विनोद त्या गेली कित्येक वर्षं ऐकत असणार.

मग बाई बोलल्या, इंग्रजीत. ‘मी वाचणार नाही, सहज बोलेन’ म्हणाल्या आणि कागद काढून भरधाव वाचायला लागल्या. सॉकल प्रकरणात साहित्य-समीक्षक स्टॅनली फिश यांनी दिलेलं उत्तर त्यांनी सांगितलं: बेसबॉलमधले बॉल आणि स्ट्राइक माणसांनीच ठरवलेले असतात, तरीही ते खरे असतात. आता समोर बीड, धुळे, लातूरहून आलेली मुलं. मी बेसबॉलचं क्रिकेट केलं. ‘पायचीत ही गोष्ट निसर्गात नसते, नियमांच्या पुस्तकात असते, पण पंचाचं बोट वर गेलं की फलंदाज खरोखरच तंबूत परततो.’ मुलं हसली. सरांना इंग्रजी उत्तम येत असल्याने त्यांनी हेडफोन घेतला नव्हता. बेसबॉलमध्ये हसण्यासारखं काय आहे हे न कळून ते मागे वळून बघत राहिले. अशी गंमत महिन्यातून एखाद्या वेळी मिळते. त्या धुंदीतच मी पुढच्या वाक्यात शिरले.

बाई सांगत होत्या की या वादात शब्द किती जड होतात. ब्रूनो लातूर आणि स्टीव्ह वुलगर या विज्ञानाच्या समाजशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या जीवनावर १९७९ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि १९८६ च्या आवृत्तीत ‘सोशल कन्स्ट्रक्शन’ म्हणणाऱ्या उपशीर्षकातला ‘सोशल’ हा शब्दच काढून टाकला. (त्यांना सात वर्षं मिळाली.) मग त्या अमेरिकन तत्त्वज्ञ रिचर्ड रॉर्टींवर आल्या आणि त्यांची एक प्रसिद्ध जोडी बोलल्या. ‘मेड’ आणि ‘फाउंड’. यादीतला ‘कन्स्ट्रक्टेड’ नव्हे. साधा, तिसरीच्या पुस्तकातला ‘मेड’. आणि माझ्या तोंडून आलं: ‘सत्य सापडत नसतं, ते बनवलं जातं.’ खरं सांगायचं तर वाक्य झोकात पडलं याचा मला दोन सेकंद आनंदही झाला होता.

जोडीदाराने वहीवर लिहून सरकवलं: ‘घडवलं!’ उद्गारचिन्हासकट. मी लगेच हेडफोनच्या मराठी वाहिनीवर म्हटलं, ‘दुभाषाची दुरुस्ती: बनवलं नव्हे, घडवलं जातं.’ आमच्या धंद्यातली रीत तशीच आहे. एरवी आम्ही वक्त्याच्या तोंडचं ‘मी’च म्हणतो, चूक झाली तरच दुभाषी तिसऱ्या पुरुषात डोकं वर काढतो. ध्वनिमुद्रणावर पाहिलं तर मधे चार सेकंद गेलेत.

त्या चार सेकंदांत तिसऱ्या रांगेतल्या एका ताईंनी हेडफोन काढून हातात घेतला होता.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यातून आल्या होत्या. पन्नाशीच्या. ॲट्रॉसिटीच्या एका खटल्यात फिर्यादी कुटुंबाच्या मागे बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या. त्यांनी माईकची वाट पाहिली नाही.

‘बाई, आमच्या केसमधी समोरचा वकील हेच म्हनत व्हता. बनवलेलं प्रकरण हाय म्हनला. अठ्ठावीस साक्षीदार. एकोणीस फितूर झाले. नऊ जण टिकले. तुमी शिकलेली मान्सं बी आता त्या वकिलाच्या बाजूनं बोलाया लागलात का?’

मी हे बाईंसाठी इंग्रजीत केलं. कोर्टातल्या ‘बनवलेलं’ला इंग्रजीत ‘फॅब्रिकेटेड’ म्हणतात. तिथे मी बरोबर होते. म्हणजे बाईंनी ‘मेड’ पाठवलं आणि त्यांच्याकडे ‘फॅब्रिकेटेड’ परत आलं. दोन्ही खेपा माझ्याच. बाई गोंधळून म्हणाल्या, मी असं म्हटलंच नाही. ते मी मराठीत सांगितलं. ताई म्हणाल्या, ‘म्हनलात की. सगळ्यांनी ऐकलं.’ आणि हेडफोनवाल्या अर्ध्या सभागृहाने माना डोलावल्या. दुरुस्ती त्यांच्या कानात गेली असेल तर कुणाच्या लक्षात राहिली नव्हती. मागे वळून ताईंकडे बघण्यात सगळे गुंतले होते.

या क्षणी मी खोकल्याचं बटण दाबलं. हे बटण धरून ठेवलं की आपला आवाज कुठेच जात नाही. जोडीदार माझ्याकडे बघत होता. बटण सोडून ‘चूक दुभाषाची आहे’ एवढं दोन्ही वाहिन्यांवर म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. घाबरले म्हणून की पुढे काय होतंय ते ऐकायचं होतं म्हणून, हे माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

कारण पुढे जे झालं ते त्या दोन दिवसांतलं एकमेव खरं बोलणं होतं. बाईंनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या कोर्टाच्या कागदांत जे सत्य म्हणून नोंदलं गेलं, तेही कुणीतरी तयार केलं; कोण बोलणार, कुणाचं लिहून घेणार, हे ठरवून केलं; मी त्याबद्दल बोलतेय. यावेळी मी ‘घडवलं’ म्हटलं, चांगलं सावकाश. एका मुलीने ताईंच्या कानाला हेडफोन लावून दिला होता. ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं:

‘मंग आमचं बी घडवलेलंच का?’

बाई गप्प. ध्वनिमुद्रणावर अकरा सेकंद आहेत. वक्ता गप्प झाला की दुभाष्याने गप्पच राहायचं असतं, आणि लोकांना वाटतं यंत्र बंद पडलं; ते आवाजाची चकती फिरवत बसतात. काचेतून मला दिसत होतं, तीस-चाळीस अंगठे एकदम चकती फिरवत होते.

मग सरांनी माईक घेतला. ‘हाच तर मुद्दा आहे!’ आणि बारा मिनिटं. मार्क्स, कोसंबी, महात्मा फुल्यांचा १८७३ चा सत्यशोधक समाज, म्हणजे सत्य शोधायचं असतं, घडवायचं नसतं, त्या नावातच आहे बघा. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबींनी आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन, नाणी तोलून, त्यांच्या झिजेवरून इतिहास मांडला; तराजूला मत नसतं. सगळं बरोबर, आणि त्यातलं बहुतेक मलाही पटतं. फक्त त्या बारा मिनिटांत ‘या भगिनी’ असा ताईंचा उल्लेख सहा वेळा झाला आणि माईक त्यांच्याकडे एकदाही गेला नाही. बाईंना निदान उत्तर सुचलं नव्हतं.

चहाच्या वेळी मी ताईंना गाठून सांगितलं, तो शब्द माझा होता.

‘म्हंजी तुमी चुकलात?’

‘हो.’

‘अन् घडवलेलं म्हनल्यावर काय फरक पडतोय?’

मी मडक्याचं उदाहरण दिलं. कुंभार मडकं घडवतो, पण हवेतून नाही. माती खरी असते. केबिनबाहेर मला फार सुचतं.

ताईंनी बिस्कीट चहात बुडवलं. ‘वकील बी तेच म्हनत व्हता. मेलेला मानूस खरा हाय, बाकीचं मडकं तुमचं.’

बाईंनाही सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ही चूक म्हणजे आजच्या दिवसातली सगळ्यात उत्पादक घटना आहे, यावर तुम्ही लिहायला हवं. सर शेजारीच होते. ते म्हणाले, ‘चूक कसली? त्यांच्या पोटातलं तुम्ही ओठावर आणलंत.’ दोघं आयुष्यात पहिल्यांदा एकमेकांशी सहमत झाले असावेत: माझी चूक ही चूक नव्हती. मला मात्र ती चूकच हवी आहे. बाई एक बोलल्या, मी दुसरं सांगितलं. याला चूक म्हणायचं नसेल तर मी त्या केबिनमध्ये बसून कशाचे पैसे घेते? आणि कमी देतात म्हणून कशाच्या जोरावर कुरकुरते?

आता मसुदा. अहवाल मराठीत, म्हणून लिहून काढणाऱ्याने मराठी वाहिनीचं ध्वनिमुद्रण वापरलं. माझं ‘बनवलं जातं’ बाईंच्या नावावर ठळक अक्षरांत. माझी दुरुस्ती मात्र नाही. तिथे चौकटी कंसात ‘तांत्रिक व्यत्यय’. आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘घडवलं’ केलं तर ताई का चिडल्या ते वाचकाला कळणार नाही. त्या उगाच भडकल्या असं दिसेल.’ हे खरं आहे. तसंच ठेवलं तर बाई न बोललेलं बोलल्या असं छापून येतं. हेही खरं आहे. तळटीप द्या म्हटलं, तर तळटिपांनी पानं वाढतात. शेवटी म्हणाले, ‘अहो, सभागृहाने जे ऐकलं ते झालं, नाही का?’ हा गृहस्थ सरांच्या गटातला.

रात्री पुन्हा पान ६४ पासून वाचायला बसले. पान ६६ वर ताईंचं बोलणं, प्रमाण मराठीत धुऊन-इस्त्री केलेलं. त्यात लिहिलंय: ‘अठ्ठावीस साक्षीदारांपैकी एकोणतीस फितूर झाले.’ दोन संपादक, दोघेही डॉक्टरेट, आणि दोघांच्याही नजरेखालून हे पान गेलंय. त्या दिवसाच्या वहीचा कागद माझ्याकडे आहे. जोडीदाराच्या अक्षरात २८, १९, ९. आणि वरच्या कोपऱ्यात, आधी लिहिलेलं, ‘घडवलं!’

तरी सकाळी ताईंना फोन लावला. शब्दाचं काहीच बोलले नाही. फक्त आकडा विचारला.

‘एकोणीस,’ त्या म्हणाल्या. ‘नावं सांगू?’