तान्ह्या पोळ्याची नोंद

पंचायत समितीत माहिती अधिकाराचे अर्ज येतात ते बहुतेक वर्गखोल्यांच्या बांधकामाचे, नाहीतर पोषण आहाराच्या तांदळाचे. अर्जदारही ठरलेले, आमचे बाबू त्यांना चहा पाजतात. त्यामुळे एका शेतमजूर बाईने दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून आपल्या दिव्यांग पोराची माहिती मागितली, तेव्हा तो कागद कोणत्या टेबलावर टाकायचा हेच कोणाला कळेना. फिरत फिरत माझ्याकडे आला.

मी विशेष शिक्षक आहे, करारावरची. तालुका वर्धा जिल्ह्यातला, कापसाचा. माझी पदविका श्रवणदोषाची, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही त्याच विषयातली. पण दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि तालुक्यात त्यातलं जे सापडेल ते माझं. शाळाभेटी, गृहाधारित शिक्षण, शिबिराला मुलं गोळा करणं, खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून अडकलेला मदतनीस भत्ता. उरलेला वेळ माहिती भरण्यात जातो. एकच माहिती तीन नमुन्यांत, आणि तिन्ही आज दुपारपर्यंत.

बाईने आधी शाळा व्यवस्थापन समितीत विचारून बघितलं होतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तरी इतिवृत्तात तिचा प्रश्न ‘इतर विषयांवर चर्चा झाली’ एवढाच उरला. मग अर्ज. त्यात चार गोष्टी: पोराला काय, कसं शिकवायचं त्याचा वैयक्तिक आराखडा, त्याला शिकवायला आणि व्यायाम द्यायला कोण कधी आलं त्याच्या नोंदी, त्याच्यावर झालेला खर्च, आणि शिबिरात माप घेतलेली खुर्ची. प्रती नको होत्या, समोर बसून बघायचं होतं. कायद्यात तीही सोय आहे. बाबूंनी आधी उत्तर तयार केलं की त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती देता येत नाही. त्रयस्थ व्यक्ती म्हणजे तिचा नऊ वर्षांचा पोरगा! साहेबांनी ते उत्तर फाडलं, एवढं श्रेय त्यांना देते.

तारीख दिली ती ऐन वेचणीतली, सकाळी अकराची. साहेब व्हीसीतून, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीतून, मोकळे झाले दीडला. तिघंजण बसून होते, तिघांची मजुरी बुडाली: ती बाई, तिची जाऊ, आणि शेजारच्या गावातल्या एका कर्णबधिर मुलीचे वडील.

आराखडा मी उघडला. छापील नमुना भिकार आहे. क्षेत्र, सद्यस्थिती, उद्दिष्ट, कालावधी, शेरा. आणि शेऱ्यात सगळ्यांच्याच ‘प्रगती समाधानकारक’. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते. पोराला सेरेब्रल पाल्सी आहे, पायाचे स्नायू ताठ. वर्गातल्या बाकावर त्याचे पाय लटकत. पाय लटकले की कंबर पुढे घसरते, मग दोन्ही हात बाकाची कड धरून तोल सांभाळण्यात अडकतात आणि लिहायला हात शिल्लकच राहत नाही. शाळेचं मत होतं, त्याला लिहिता येत नाही. पायाखाली पोत्यात गुंडाळलेल्या दोन विटा ठेवल्या, पाठीशी घडी घातलेली गोधडी, वही ठेवायला बॉक्स फाइलचा उतार, पेन्सिलीवर सायकलच्या ट्यूबचे वेढे. डाव्या हाताने धरायला बाकावर एक खुंटी ठोकून घेतली, म्हणजे उजवा सुटतो. त्या खुंटीसाठी मुख्याध्यापकांनी शासकीय मालमत्तेचं नुकसान हा विषय काढला होता, ते असो. तर ग, म, भ, न आले. शिरोरेषा येत नव्हती, कारण ती ओढायला हात सलग डावीकडून उजवीकडे न्यावा लागतो आणि त्याचा हात मध्यावर अडतो. म्हणून मी लिहून ठेवलं होतं: शिरोरेषेचा आग्रह नको, चूक धरू नये.

बाई दहावी झालेली. बोट ठेवून वाचत होती, तिथं थांबली.

“मॅडम, म्हंजे वरची रेघ नाई मारली त थे चूक नोयती?”

“नाही ताई.”

“वहीत त सर लाल गोल करून देत. मी मारलं ना त्याले त्याच्यापायी.”

पालकाला प्रत दिली असा रकाना नमुन्यात नाही. २०१६ च्या कायद्याचं कलम १६ सांगतं की प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर आणि प्रगतीवर शाळेने लक्ष ठेवावं. ते लक्ष कोणाला दाखवावं हे त्या कलमात नाही, म्हणून सगळं वर जातं. तालुका, जिल्हा, पोर्टल.

खुर्चीचं उत्तर सोपं होतं आणि लाजिरवाणंही. ती आली, फोटो निघाला, पण माप घेतलं तेव्हाचा पोरगा आणि खुर्ची आली तेव्हाचा पोरगा वेगळा. गुडघे वर येत होते. सध्या मुख्याध्यापकांच्या खोलीत तिच्यावर जुने गठ्ठे आहेत.

मग फिजिओथेरपिस्टच्या भेटींचं रजिस्टर. बाईने पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळून आणलेलं. सिलेंडर कधी लावलं, दुधाचे खाडे आणि अधूनमधून ‘डाक्टर आले’. रजिस्टरमध्ये नोंदी पुष्कळ जास्त होत्या. तिने एकाच नोंदीवर बोट ठेवलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या. त्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात.

“या दिवशी तान्हा पोळा होता. शाळा बंद. माह्यं पोट्टं बापाच्या खांद्यावर बसून, नंदी हातात धरून, गावभर बोजारा मागत होतं. व्यायाम कोनाचा घेतला मंग?”

साहेब म्हणाले, तारीख लिहिताना गफलत झाली असेल. कर्णबधिर मुलीच्या वडलांनी पानं उलटून दाखवली: एका महिन्याच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेल्या. ते दिसत होतं, नाकारण्यासारखं नव्हतं. नोंदींच्या संख्येवर बिल निघतं आणि ते निघेपर्यंत पेट्रोल खिशातलं जळतं, हेही खरं. पण मग ते रजिस्टर फक्त बिलापुरतंच झालं ना!

खर्चाच्या प्रश्नावर मात्र सगळेच अडले. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. “माह्या पोराचे साडेतीन हजार दाखवा.” मी सांगितलं, रक्कम एकेका मुलाच्या नावाने येत नाही, शिबिरं, साहित्य, प्रशिक्षण, भत्ते असं एकत्र जातं. त्या वडलांनी विचारलं, “मंग आमची नावं कायले मोजता?” याचं उत्तर तालुक्याला नाही. मला वाटतं जिल्ह्यालाही नाही.

ते गेल्यावर साहेब मला म्हणाले, “मॅडम, आराखड्याच्या मागे एवढं लिहायची गरज काय होती?” इतक्या वर्षांत माझा आराखडा कोणी पूर्ण वाचला तो असा. पुढच्या महिन्यापासून रजिस्टरवर पालकाची सही घ्यायचं ठरलं, आणि थेरपिस्टने येणंच थांबवलं. दुसरा कोणी मिळत नाही. बाईला मी हे सांगितलं, तर म्हणाली, “डाक्टर यावं म्हून आमी खोटं मान्य कराव का?” खर्चाच्या मुद्द्यावर तिने पहिलं अपील टाकलंय. आराखड्याची प्रत मी तिला दिली. आता बाकीचेही मागतात, साहेबांना तेच नको होतं.

अपिलाच्या सुनावणीत मलाही बोलावलंय. थेरपिस्ट येत होता की नव्हता, हा प्रश्न येणारच. मागे तिच्या घरी गेले, तेव्हा ती पोराचा घोटा ताणून देत होती: टाच तळहातात घेऊन, हळूहळू, गुडघा सरळ ठेवून. पाऊल बोटांकडून ढकलत नव्हती, जे न शिकवता करणारा हमखास करतो. ते मी शिकवलेलं नाही, माझा तो विषयच नाही. म्हणजे थेरपिस्ट येत होता आणि मनापासून शिकवतही होता. रजिस्टरमध्ये लिहिलं तेवढ्या वेळा नाही. दोन्ही सांगणार आहे. साहेब म्हणतात, विचारतील तेवढंच सांगा.